तिसऱ्या हाकेची वाट

गणपती गेले की चार-आठ दिवस माझं डोकं ठिकाणावर नसतं. घरच्यांना हे आता पाठ झालंय. भाजीत मीठ दोनदा पडतं, मी समोर उभी असताना दूध उतू जातं, आणि नवरा बिचारा खारट भाजीत दही कालवून गपगुमान जेवून उठतो. बाहेर परतीचा पाऊस सुरू असतो. हा पाऊस मला कधी आवडला नाही. निघालेल्या पाहुण्यानं चपला घालाव्यात आणि मग दारातच उभं राहून तासभर बोलत बसावं, तसा हा. रानात सोयाबीन काढणीला आलेलं असतं, लोक आभाळाकडं बघून शिव्या घालत असतात, आणि हा जाता जात नाही. हवेत ओल्या मातीचा कुबट वास असतो. तो वास आला की मी पुन्हा सोळा वर्षांची होते आणि दिवसभर तशीच राहते.

त्यात आमचं वेळापत्रक! नांदेडच्या ज्या तंत्रनिकेतनात मी कॉम्प्युटर शिकवते, तिथं नेटवर्किंगचा एक धडा दरवर्षी नेमका याच दिवसांत येतो. मी तो पुढं ढकलून पाहिला, आधी उरकून पाहिला, एकदा तर एका नव्या सरांच्या गळ्यात मारला. सर आजारी पडले आणि धडा फिरून माझ्याच दारात आला. भोग, दुसरं काय. धडा तसा सोपा आहे. एक कॉम्प्युटर दुसऱ्यापर्यंत पोचतो की नाही, हे तपासायचं कसं? त्यासाठी एक साधी आज्ञा असते. ती मी फळ्यावर लिहिते, पिंग.

खडू खाली ठेवायच्या आत मागून आवाज येतो, "म्याडम, फुलफॉर्म?"

आमच्या भागातल्या पोरांना तुम्ही तांब्याभर पाणी दिलंत तरी ती आधी पाण्याचा फुलफॉर्म विचारतील. त्यांचा दोष नाही. दहावीपासून क्लासवाल्यांनी त्यांना हेच पाजलंय. गाळलेल्या जागेत जे भरता येतं ते ज्ञान, बाकी सगळा खामखा टाइमपास. मीही त्याच घाण्यातून निघालेली, मी कुणाला नावं ठेवू?

"फुलफॉर्म नाही," मी सांगते. "तो एक आवाज आहे."

"गाईडात हाय की म्याडम!"

"असेल. नाव ठेवणाऱ्यानं ते आवाजावरून ठेवलं. फुलफॉर्म नंतर कुणीतरी चिकटवला, तुमच्यासारख्यांचं तोंड बंद करायला."

वर्ग हसतो आणि मला जरा बरं वाटतं. मग मी समुद्राची गोष्ट सांगते. आमच्या पोरांनी समुद्र पाहिलेला नसतो. त्यांचं पाणी म्हणजे गोदावरी, मांजरा, नाहीतर टँकर. मी सांगते, समुद्रात खोल गेलं की पाणबुडीला डोळ्यांनी काही दिसत नाही. म्हणून ती एक आवाज सोडते, घंटेवर नख मारल्यासारखा बारीक. तो काळोखात लांब जातो, कशावर तरी आपटतो आणि माघारी येतो. किती वेळानं आला त्यावरून समजतं, समोर काहीतरी आहे आणि इतकं लांब आहे. त्या आवाजाला इंग्रजीत पिंग म्हणतात. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत एका इंजिनियरला नेटवर्कनं छळलं होतं. कुठं अडलंय ते कळेना. गडी एका बैठकीत बसला आणि एक इवलासा प्रोग्राम लिहून उठला. तो प्रोग्राम दुसऱ्या यंत्राला एवढंच विचारतो, आहेस का? आणि कान देऊन बसतो. तिकडून आहे म्हणून आलं, तर यायला किती वेळ लागला तेही सांगतो. कॉलेजात त्या इंजिनियरनं पाण्यातल्या या आवाजांचा अभ्यास केला होता. म्हणून त्यानं नाव दिलं पिंग.

"म्हंजे हिरीत वरडल्यावानी?" यंदा देगलूरकडच्या एका पोरीनं विचारलं.

"जवळजवळ तसंच. पण विहिरीत आपलाच आवाज माघारी येतो. विहिरीला काही करावं लागत नाही. इथं समोरच्यानं ओ द्यावी लागते."

बोलून गेले आणि मला माझ्याच जिभेचा राग आला. कारण पुढचा प्रश्न मला ठाऊक होता. तोही दरवर्षी येतो.

"आन ओ आलीच न्हाई तर? पडद्यावर येतंय की, वेळ संपली म्हणून. मग मशीन बंद धरायचं ना म्याडम?"

गाईडात तसंच असतं. परीक्षेत तेवढं लिहिलं तरी मार्क मिळतात. मी हो म्हणून मोकळी होऊ शकते. पण दरवर्षी माझ्याच्यानं होत नाही.

"न्हाई," मी म्हणाले. वर्गात मी शुद्ध बोलते, पण त्या क्षणी घरची भाषा आली. "ओ आली नाही म्हणजे ओ आली नाही, एवढंच. यंत्र बंद असेल. मधली तार तुटली असेल. नाहीतर यंत्र चांगलं जिवंत असेल, हाक त्याला ऐकूही गेली असेल, पण कुणीतरी त्याला सांगून ठेवलं असेल की अनोळखी हाकेला ओ देऊ नको. तशी सोय असते, घर सुरक्षित राहावं म्हणूनच असते. हाक मारणाऱ्याला यातला फरक कळत नाही. त्याला नुसती शांतता ऐकू येते. म्हणून एका हाकेवर निकाल द्यायचा नाही. पिंग कुणी न सांगता चारदा विचारतं, ते उगाच नाही."

पोरीनं ते सगळं लिहून घेतलं. मी खिडकीबाहेर पाऊस बघत उभी राहिले.

कालिंदी आणि मी लातूरला एका खोलीत राहायचो. अकरावी सायन्सला. लातूरचं नाव तेव्हा नुकतंच गाजायला लागलं होतं. बोर्डाचा निकाल लागला की पेपरात लातूरचेच फोटो. नांदेड, जळकोट, रेणापूर, कुठून कुठून आईबाप पोरांना घेऊन यायचे आणि गल्लोगल्ली घरमालकांनी मागच्या पडवीवर पत्रे ठोकून खोल्या काढल्या होत्या. आमची खोली तसलीच. दोन खाटा, एक स्टोव्ह आणि भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता. माझे बाबा पाटबंधारे खात्यात कारकून. पोरगी डॉक्टर झाली पाहिजे, हा त्यांचा ध्यास. कालिंदीला बाप नव्हता. तो ती लहान असतानाच गेला. आई आणि विधवा आत्या, दोघींनी मिळून शेत सांभाळलं, हिला वाढवलं आणि लातूरला पाठवलं. गाव औशाच्या पलीकडं. नाव सांगत नाही. ते जिथं होतं तिथं आता बाभळी आहेत.

ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन दोघी अधूनमधून यायच्या. आत्या खोलीत पाऊल टाकतानाच सुरू व्हायची, "काय गं, खोली हाय का उकिरडा?" मग मोर्चा माझ्याकडं, "विशाखे, खरं सांग, ही अभ्यास करती का नुसती कागदं चाळती?" कालिंदीची आई मागं उभी राहून पदर तोंडाला लावून हसायची. नणंद-भावजयीचं इतकं जमलेलं मी दुसरीकडं पाहिलं नाही. एकीनं बोलायचं आणि दुसरीनं हसायचं, असं त्यांनी वाटूनच घेतलं होतं. जाताना आई हळूच माझ्या हातात एक जादा लाडू ठेवायची. आत्याला ते दिसायचं आणि ती न दिसल्यासारखं करायची.

त्या घरची एक गोष्ट मला गमतीची वाटायची. दिवे लागल्यानंतर कालिंदीला हाक मारली की ती हूं नाही की चूं नाही. दुसरी हाक मारा, तरी गप्प. तिसरीला मात्र खळखळून "ओ" म्हणायची. "आत्याची शिकवण," ती सांगायची. "अंधारात एका हाकेला ओ द्यायची न्हाई. बाहेरचं जे असतंय ना, ते नाव घिऊन एकदाच हाक मारतं. माणूस असला तर परत मारतोच की." बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरातून भुतंखेतं हद्दपार झाली होती. बाबांनी हे ऐकलं तेव्हा "थोतांड!" म्हणून तिला भलंमोठं लेक्चर दिलं. कालिंदीनं मान डोलावली आणि दिवे लागल्यावर पुन्हा तेच. खरं सांगायचं तर माझी आईसुद्धा अंधारात एका हाकेला उठायची नाही. बाबांना ते माहीत नव्हतं, इतकंच.

त्या वर्षी गणपती बुडवायला कालिंदी गावी जाणार होती. पण विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी क्लासची टेस्ट निघाली. टेस्ट बुडवली की सर सगळ्यांसमोर उभं करून सोलून काढायचे. ती थोडी रडली आणि राहिली. "दसऱ्याला जाईन की," म्हणाली. त्या टेस्टमुळं ती वाचली, असं पुढं लोक म्हणायचे, आणि ती कान झाकून घ्यायची.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जमीन हलली, भांडी वाजली, फळीवरचा स्टोव्ह खाली आला आणि आम्ही अंगणात पळालो. सगळी गल्ली बाहेर. आमच्या गल्लीत कुणाचं काही गेलं नव्हतं, त्यामुळं लोक एकमेकांच्या अवताराला थोडे हसतही होते. उजाडल्यावर रेडिओवर औशाकडच्या गावांची नावं आली आणि हसणं थांबलं.

एसटीडीच्या टपरीवर ही रांग. कालिंदीच्या गावात फोन एकच, ग्रामपंचायतीतला. टपरीवाले चाचा, भला माणूस, नंबर फिरवायचे, ऐकायचे आणि पुन्हा फिरवायचे. "रिंगच जाईना बेटा. बिजी बी येईना." कालिंदीनं रिसीव्हर मागून घेतला आणि कानाला लावून उभी राहिली. पलीकडं काहीच नव्हतं, खरखरसुद्धा नाही. मागचे लोक ओरडत होते, चाचांनी त्यांना हातानं थोपवलं. तिच्या चेहऱ्याकडं बघवत नव्हतं. रस्त्यावर जाणाऱ्या गाड्या मदतीच्या आणि येणाऱ्या जखमींच्या. दोन पोरींना कोण घेऊन जाणार? आमच्या घरमालकीण काकूंनी तर दाराला कडीच लावली. "तुमच्या आईबापाला मी काय तोंड दाखवू?" संध्याकाळी बाबा नांदेडहून मला न्यायला आले. मला बघून त्यांनी डोळे पुसले आणि कालिंदीला बघून म्हणाले, "उजाडताच निघू पोरी."

त्या दिवसाचं सलग काही आठवत नाही. तुकडे आठवतात. पाऊस लागला होता. रानात हायब्रीड ज्वारी उभीच्या उभी, हिरवीगार. पिकाला ओरखडासुद्धा नव्हता, आणि मला त्या पिकाचा संताप आला होता. दाव्याला बांधलेली एक गाय हंबरत होती. तिला सोडायला कुणी उरलं नव्हतं. गावाच्या तोंडाशी मिरवणुकीतला गुलाल पावसानं ओघळून चिखलात उतरला होता. आमच्याकडची जुनी घरं दगडमातीची, भिंती जाडजूड, वर माळवदाची माती. उन्हाळ्यात गारवा, म्हणून लोक कौतुक करायचे. तीच माती आता गल्ली आणि घर यात फरक ठेवत नव्हती. कालिंदीला तिचं घर सापडेना. जिथं ती जन्मली, तिथं! शेवटी पारावरच्या लिंबावरून अंदाज धरत ती एका ढिगापाशी येऊन थांबली.

शेजारच्या गावांतली पोरं आली होती, जवानही आले होते. एकेका ढिगावर चढायचे, "कोण हाय का आतऽ?" म्हणून ओरडायचे, जरा थांबायचे आणि पुढच्या ढिगावर जायचे. त्यांचं तरी काय चुकलं? ढीग गावभर आणि माणसं मूठभर. गल्लीतले नामदेवकाका भेटले. अंगभर पांढरी माती, नुसते डोळे तेवढे माणसाचे. कालिंदीला बघून म्हणाले, "हितं कालच हाक मारून झाली पोरी. म्याच मारली. तुझ्या आयचं नाव घिऊन मारली. ओ न्हाई आली."

"किती येळा मारली काका?"

"किती येळा म्हंजे?" त्यांना प्रश्नच समजला नाही. मग समजला. तेही त्याच गल्लीतले, तिसऱ्या हाकेची रीत त्यांनाही ठाऊक होती. "एकदाच गं. माझी बी समदी तिकडं आत..."

कालिंदी ढिगावर चढली. हात वर करून तिनं सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. बाबा, पहारी घेतलेली पोरं, सगळे थांबले. तिनं हाक मारली, "आई!" काही नाही. खालून कुणीतरी म्हणालं, "चला, पुढचं बघू." तिनं हात खाली घेतला नाही. दुसऱ्यांदा, "आई!" नुसता पाऊस. बाबा थोतांड म्हणणारे, पण त्यांचेही ओठ हलत होते. मग तिनं तिसरी हाक मारली, "आई गंऽ!" आणि खालून आली. ओ.

इतकी बारीक, की मला भास वाटला. पण बाबांनी माझा हात करकचून धरला होता. पोरं पहारी टाकून हातांनी माती उपसायला लागली. फक्त कालिंदी जागची हलली नाही. तिला आवाज ओळखू आला होता. ती आईची ओ नव्हती, आत्याची होती.

घमेल्यांनी माती काढता काढता दुपार कलली. आत्याला बाहेर काढलं, तिचा एक पाय गेल्यातच जमा होता. तिच्या शेजारी आई होती. बायकांनी हात लावून पाहिलं आणि मान हलवली. अंग अजून मऊ आहे, एवढंच त्या आपसांत म्हणाल्या. आत्याला घोंगडीवर ठेवलं, तोंडाशी पाणी धरलं. ते तिनं घेतलं नाही. कुणी काही विचारलं नव्हतं, तरी ती कालिंदीकडं बघून बोलायला लागली.

"वैनी जित्ती व्हती. माझा हात धरून व्हती. मधी एक हाक आलती, तिचंच नाव घिऊन. ती ओ द्यायला निघाली. मला वाटलं, रातच हाय अजून. समदा अंधारच की. म्या तिच्या तोंडावर हात ठिवला. म्हणलं, वैनी, थांब. माणूस आसंल तर परत मारंल. देऊ नगं ओ."

नामदेवकाका तिथंच उभे होते. ते ऐकलं आणि मटकन खाली बसले. ढसाढसा रडले. कालिंदी रडली नाही.

पुढचे दिवस सगळ्या मराठवाड्यानं उघड्यावर काढले. आज पुन्हा येणार, अमावस्येला येणार, अशा आवया रोजच उठायच्या. लातुरातले लोक रस्त्यावर गाद्या टाकून झोपायचे. आमचे क्लास दिवाळीच्या आतच मैदानावर मांडव घालून पुन्हा सुरू झाले, कारण भूकंप झाला तरी पुढच्या वर्षीची बारावी थांबणार नव्हती. सरांनी भूकंपलहरींवर एक टीप दिली. यंदा हमखास विचारतील, म्हणाले. कालिंदीनं ती लिहून घेतली. वळणदार अक्षरात, आकृतीसकट. मी तिच्या शेजारी बसले होते, माझ्याकडून एक अक्षर लिहवलं नाही.

दवाखान्यातून आत्या कुबडी घेऊन बाहेर आली आणि दोघी पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेल्या. कालिंदी आत्याला कधीही वावगं बोलली नाही. तेच वाईट झालं. कडाकडा भांडली असती तर मोकळी झाली असती. तिनं आत्याला न्हाऊ घातलं, जेवू घातलं, कुबडी मोडली तर सायकलीवर जाऊन नवी आणली. फक्त ओ दिली नाही. आत्या हाक मारायची, "कालिंदे!" ही हातातलं काम टाकून यायची आणि समोर उभी राहायची, मुकाट. आत्याही एकदाच हाक मारायची. दुसरी हाक मारायचा तिला हक्क वाटत नसावा.

मी एकदा न राहवून विचारलं, "तिचं काय चुकलं, सांग बरं?"

"काहीच न्हाई चुकलं."

"मग?"

"मग काय? मला कळतंय समदं. ओ निघत न्हाई तोंडातून. तू डॉक्टर हो अन् औषध दे."

मी डॉक्टर झाले नाही. मार्क थोडक्यात हुकले आणि बाबा महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. मग कॉम्प्युटर आला, मी त्यात पडले. कालिंदी डी.एड. करून, भूकंपानंतर सरकारनं वसवलेल्या नव्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई झाली. लग्न केलं नाही. "आत्याला कोण बघंल?" एवढंच कारण द्यायची. तिची शाळा मी एकदा पाहिली. ती पोरांची हजेरी नाव पुकारून घेत नाही. नुसती वर्गभर नजर फिरवते आणि मांडते.

इतकी वर्षं मी नेटवर्क शिकवतेय आणि मला यंत्रांचा हेवा वाटतो. हाकेला ओ द्यायची की नाही, हे त्यांच्यात एक ओळ बदलून ठरवता येतं. आज बंद, उद्या चालू. माणसाच्या आत एकदा गेलेली गोष्ट अशी खोडता येत नाही. आत्याचा नियम तिनं काही मनानं काढला नव्हता. तिच्या आईनं तिला सांगितला, तिच्या आईला आणखी कुणी. पिढ्यान्‌पिढ्या त्यानं घर राखलं असेल, निदान तसं वाटलं तरी असेल. एका सकाळी सूर्य वर आला होता आणि तो ढिगाखाली दिसत नव्हता, यात आत्याचा काय गुन्हा? पण हे मी नांदेडमध्ये बसून लिहू शकते. ती आई माझी नव्हती.

यंदा धडा संपवला त्याच आठवड्यात कालिंदीचा फोन आला. "एकदा यिऊन जा विशाखे. आत्याचं काही खरं दिसत न्हाई." रविवारी सकाळची एसटी धरली. लातूर आता ओळखू येत नाही. चौकाचौकात क्लासचे फलक, त्यावर हसणाऱ्या पोरापोरींचे फोटो, अभ्यासिका, मेस, वसतिगृहं. पाठीवर दप्तरं घेतलेली ती पोरं रस्ता ओलांडताना पाहिली की मला उगाच त्यांच्या घरी फोन करावासा वाटतो. पुढं नवं गाव. आखून दिल्यासारखी सरळ घरं, रुंद रस्ते, आणि अजूनही ते गाव वाटत नाही.

"जयभीम!" कालिंदी दारातून म्हणाली. मी रामराम घातला. ही आमची अकरावीपासूनची थट्टा. तिचे केस पांढरे झालेत, पाठीला बाक आलाय. घरात शिरताशिरताच मला आवाज ऐकू आला.

"वैनी... ए वैनी..."

खाटेवर आत्या एवढीशी झाली होती. डोळे छताला लागलेले. मी जवळ जाऊन नाव सांगितलं, तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही.

"कुणालाच ओळखत न्हाई," कालिंदी म्हणाली. "मला बी न्हाई. नाव सुदिक इसरली माझं. आईला तेवढी हाका मारून राहिली. सकाळ झाली की सुरू. एकदा न्हाई, दोनदा न्हाई, दिवसभर."

"तू काय करतेस?"

"काय करू? ऐकती."

तिनं चहा केला. सुपात तूर घेऊन निवडत बसली. मी तिला वर्गातल्या गमती सांगितल्या, फुलफॉर्मवाल्या पोरांची नक्कल केली, आणि ती थोडी हसलीही. मधूनमधून खाटेवरून हाक येत होती. बाहेर पुन्हा भुरभुर लागली. आत्याचा आवाज घोगरा होत चालला होता आणि मला तिथं बसवत नव्हतं. कालिंदीचा हात तुरीतून फिरत होता, खडा सापडला की बाजूला टाकत होता.

"वैनीऽ," आत्या म्हणाली. "आगं ओ दे की. ओ दे. मी हाय. माणूसच हाय गं मी."

कालिंदीचा हात थांबला. तिनं सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि उठली. खाटेवर आत्याच्या उशाशी बसली. आत्याचा हात तिनं आपल्या हातात घेतला. मग तिच्या कानाशी वाकली.

"ओ," कालिंदी म्हणाली.

आत्याची मान हळूहळू वळली. "हायस व्हय?"

"हाय की. हितंच हाय."

"मग इतका येळ गप का व्हतीस?"

कालिंदीनं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले.

"काही न्हाई," ती म्हणाली. "जरा डोळा लागला व्हता."